नकाशा आधी पालथा करा : सोळाव्या शतकातले हातानं रंगवलेले नकाशे जमवताना

माझ्या संग्रहातला पहिला नकाशा मी चेहऱ्यावर भाळून घेतला. दुसऱ्या शतकातला ग्रीक भूगोलकार टॉलेमी याच्या ग्रंथाची जिरोलामो रुशेल्लीनं १५६१ साली व्हेनिसमध्ये जी आवृत्ती काढली तिच्यातला, आशियाच्या मालिकेतला दहावा, म्हणजे गंगेच्या अलीकडचा भारत. वीतभर उंचीचा कागद, फिक्या गुलाबी डोंगररांगा, किनाऱ्याला निळी कड, मधूनमधून हिरवा हात. वर्णनात ‘जुना रंग’ असं लिहिलं होतं आणि त्या दोन शब्दांसाठी मी दीडपट पैसे मोजले. सहा महिन्यांनी एका जाणकार स्नेह्यानं तो हातात घेतला. समोरून बघितलाही नाही, सरळ पालथा केला, खिडकीशी धरला आणि म्हणाला, “कागद खरा आहे. रंग मात्र फार तर आपल्या आजोबांच्या काळातला.” परत करायची मुदत केव्हाच टळली होती.

त्यानं पाठीवर काय पाहिलं, ते रंगाच्या भागात सांगतो. तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे : पाठ आधी, चेहरा मागाहून.

हे नकाशे बनत कसे

एवढं माहीत असलं की पुढच्या निम्म्या परीक्षा आपोआप सुचतात. तांब्याच्या पत्र्यावर कारागीर उलटा नकाशा कोरणीनं कोरायचा. खाचांत शाई भरायची, वरची पुसून काढायची, ओलसर कागद ठेवून पत्रा दोन रुळांमधून दाबून काढायचा. खाचेतली शाई कागदावर उचलली जाते, म्हणून खऱ्या छपाईत रेघ किंचित उठलेली लागते आणि पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर चौकट होऊन बसतो. ही चौकट म्हणजे प्लेटमार्क. काही नकाशे मात्र, उदाहरणार्थ १४८२ ची जर्मनीतल्या उल्म शहराची टॉलेमी-आवृत्ती किंवा सेबास्टियान म्युन्स्टरचे बाझेलमधले नकाशे, लाकडी ठशांचे. तिथे रेघ सोडून बाकीचं लाकूड काढलेलं असतं. प्लेटमार्क नसतो, रेघ जाड असते आणि पाठीवर ठशाचा दाब कधीकधी बोटाला जाणवतो.

छपाई फक्त काळी. रंग भरणं हा वेगळा धंदा होता, आणि तो मानाचा होता. १५७० साली अँटवर्पमध्ये ज्याचा ‘थिआट्रुम ऑर्बिस टेरारुम’ निघाला, ज्याला आपण पहिला आधुनिक ॲटलास म्हणतो, तो अब्राहम ऑर्टेलियस मुळात नकाशे रंगवणारा. १५४७ साली तिथल्या सेंट ल्यूकच्या कारागीर-संघात त्याची नोंद झाली ती याच कामासाठी. गिऱ्हाईक ऐपतीप्रमाणे कोरा ॲटलास घ्यायचं किंवा रंगवलेला. त्यामुळे एकाच पत्र्यावरून निघालेल्या दोन प्रतींत एकीचा भारत पिवळा आणि दुसरीचा गुलाबी असू शकतो, आणि दोन्ही अस्सल.

काय जमवायचं ते आधी ठरवा

‘जुने नकाशे’ हा विषय नाही, तो खड्डा आहे. एक प्रदेश, एक नकाशाकार किंवा एक कालखंड धरा. मराठी माणसानं भारताचा पश्चिम किनारा धरावा असं मला वाटतं. आपल्या गावांची नावं चारशे वर्षांपूर्वीच्या लॅटिन अक्षरांत शोधण्यात जी मजा आहे ती जर्मन परगण्यांच्या नकाशात नाही.

टॉलेमीच्या नकाशांत द्वीपकल्प जवळजवळ नाहीच. किनारा चपटा होऊन पूर्वेकडे पळतो आणि खाली ताप्रोबाना, म्हणजे श्रीलंका, अवाढव्य फुगलेली. पण त्या वेड्यावाकड्या आकारात पैठण आहे, बैथाना किंवा त्याच्या जवळपासच्या रूपात. टॉलेमी ते सिरिप्टोलेमायोसची राजधानी म्हणून सांगतो, आणि हा राजा म्हणजे सातवाहन पुळुमावी असं अभ्यासक मानतात. सिमिल्ला म्हणजे चौल, सुप्पारा म्हणजे नालासोपाऱ्यातलं सोपारा, टगरा म्हणजे तेर. दुसऱ्या शतकात गोळा केलेली माहिती सोळाव्या शतकात तांब्यावर कोरली गेली, एवढंच. उल्मची प्रत बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. रुशेल्लीची मात्र नोकरदार माणूसही वर्षभर पैसे बाजूला टाकून घेऊ शकतो.

ऑर्टेलियसच्या १५७० च्या ईस्ट इंडीजच्या नकाशावर भारत आहे, आग्नेय आशियाची बेटं आहेत, आणि समुद्रात जहाजावर चालून येणारे मासे आणि आरशात बघणाऱ्या मत्स्यकन्या. हा सगळ्यांनाच हवा असतो, म्हणून महाग.

गोव्यासाठी दोन. ब्राउन आणि होगेनबर्ग यांच्या ‘सिव्हिटाटेस ऑर्बिस टेरारुम’ या शहरचित्रांच्या ग्रंथाचा पहिला खंड १५७२ साली कोलोनमध्ये निघाला. त्यात गोवा आहे, दीवच्या जोडीनं एकाच पानावर. शीर्षकात म्हटलंय की हे शहर ख्रिस्ती सत्तेखाली १५०९ साली आलं. पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कनं गोवा घेतला १५१० मध्ये. कोरणाऱ्याची किंवा त्याला माहिती देणाऱ्याची चूक तशीच छापत राहिली. दुसरा आहे लिन्सखोटेनच्या १५९६ च्या प्रवासग्रंथातला गोव्याचा मोठा आराखडा. हा डच माणूस १५८३ ते १५८८ गोव्याच्या आर्चबिशपचा कारकून होता, त्यामुळे गल्ल्याबोळ ऐकीव नाहीत. किंमतही तशीच.

हात आखडता असेल तर खिशात मावणाऱ्या ॲटलासांतले नकाशे बघा. ऑर्टेलियसची लहान आवृत्ती फिलिप गाले यानं १५७७ पासून काढली आणि १६०० च्या सुमारास बेर्टियसची आली. पोस्टकार्डापेक्षाही लहान कागद, पण तांब्याच्या पत्र्यावरची खरी छपाई आणि खरं शतक. सुरुवात इथूनच करावी. चूक झाली तर स्वस्तात होते.

आता ऑर्टेलियस मिळतो तरी कसा, असा प्रश्न पडेल. १५७० ते १६१२ या काळात त्याच्या ॲटलासच्या सुमारे ७,३०० प्रती निघाल्या असा जाणकारांचा अंदाज आहे. पुढच्या शतकांत पुष्कळ फोडल्या गेल्या आणि सुटी पानं बाजारात आली. हे दुःखद आहे, आणि आपला छंद त्याच्यावरच उभा आहे. दोन्ही कबूल करून पुढे जाऊ.

पालथा करा : मजकूर

ॲटलासमधल्या नकाशाच्या पाठीवर त्या प्रदेशाचं वर्णन छापलेलं असायचं. ऑर्टेलियसच्या बाबतीत भाषा हा पहिला धागा : लॅटिन १५७०, डच १५७१, जर्मन आणि फ्रेंच १५७२, स्पॅनिश १५८८, इंग्रजी १६०६, इटालियन १६०८. इंग्रजी आवृत्ती एकदाच निघाली, त्यामुळे पाठीवर इंग्रजी दिसलं की वर्ष पक्कं आणि भावही चढा. बाकी भाषांत पानाचा आकडा, शेवटच्या ओळीतले शब्द आणि टाइपाचं वळण पाहून आवृत्ती ठरते. ऑर्टेलियसच्या नकाशांची मार्सेल व्हान डेन ब्रुके यांनी केलेली सूची आहे. चांगले विक्रेते तिचा क्रमांक देतात. ‘अंदाजे १५७०–१६१२’ असं ढोबळ लिहिलं असेल तर पाठीचा फोटो मागा आणि स्वतः जुळवा. लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि डेव्हिड रमझी यांच्या इंटरनेटवरच्या संग्रहांत संपूर्ण ॲटलास मोठ्या आकारात फुकट बघायला मिळतात; पाठीचं पानही असतं.

वर्षाला एवढं महत्त्व का? तांबं मऊ. शेकडो प्रती काढल्या की बारीक रेघा झिजतात, समुद्राचे ठिपके करडे पडतात, मग कोणीतरी पुन्हा कोरणी फिरवतं. ऑर्टेलियसच्या जगाच्या नकाशाचा पहिला पत्रा तर डाव्या खालच्या कोपऱ्याशी तडकला. तो तडा छपाईत दिसतो, त्यावरून प्रत आधीची की नंतरची ते कळतं. शेवटी नवे पत्रे करावे लागले. १५८७ च्या पत्र्यात ढगांची चौकट जाऊन नक्षी आली आणि दक्षिण अमेरिकेच्या नैर्ऋत्येला आलेलं टेंगूळही गेलं.

रुशेल्लीसाठी वेगळी खूण. १५६१ साली दोन नकाशे एकाच पत्र्यावर कोरून छापले होते, म्हणून पहिल्या आवृत्तीत प्लेटमार्क वरच्या बाजूला बंद होत नाही, कागदाबाहेर निघून जातो. १५७४ पासूनच्या आवृत्त्यांत पत्रे कापले गेले आणि चौकट चारही बाजूंनी पूर्ण दिसू लागली. माझ्या नकाशाची वरची बाजू उघडी होती. तेवढं तरी खरं निघालं.

उजेडासमोर धरा : कागद

कागद चिंध्यांचा, हातानं केलेला. उजेडासमोर धरला की जवळजवळच्या बारीक रेघा आणि त्यांना काटकोनात, साधारण बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर जाड रेघा दिसल्या पाहिजेत. ज्या जाळीवर लगदा उचलला तिच्या त्या खुणा. बहुतेकदा जलचिन्हही सापडतं. कागद सपाट, एकसारखा, रेघांशिवाय दिसला तर सोळाव्या शतकाचं नाव घेऊ नका. तसा कागद अठराव्या शतकाच्या मध्यानंतरचा. आणि मोठा नकाशा असून मधोमध घडी नसेल तर विचारा का नाही. ॲटलासमध्ये तो घडीवर पट्टी लावून बांधलेला असतो, घडीचा खालचा भाग पानं उलटताना फाटतो, त्यामुळे तिथे थोडी दुरुस्ती असणं हेच स्वाभाविक.

मग घड्याळजीचं दहापट भिंग. रेघ सलग, टोकाला निमुळती आणि शाईचा थर जाणवणारी हवी. भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ते कॅलेंडरचं पान, कितीही पिवळं पडलेलं असो. रेघ सपाट, प्लेटमार्क नाही, पण ठिपकेही नाहीत, असं असेल तर एकोणिसाव्या शतकातली शिळाछापाची नक्कल असू शकते. पट्टीनं मोजूनही बघा. नकला मापात फसतात. ओला कागद वाळताना आकसतो म्हणून दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे चालतात, दोन सेंटिमीटर नाही.

रंग : सगळ्यात जास्त फसवणूक इथे

बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, हिरवट होतं, हे आपल्या आज्यांना शिकवावं लागलं नाही. त्या काळचा हिरवा रंग नेमका तोच. तांब्याचे पत्रे व्हिनेगरच्या वाफेत ठेवायचे, वर येणारा जंगाल खरवडायचा, त्याचा रंग करायचा. ताक जसं भांडं खातं तसा हा रंग कागद खातो. शतकं गेली की हिरव्या डोंगराची किंवा सरहद्दीची तपकिरी सावली पाठीवर उमटते. फार झालं तर कागद ठिसूळ होऊन नेमक्या त्या रेषेवर तडकतो.

माझ्या स्नेह्यानं खिडकीशी हेच शोधलं होतं. पुढे हिरवा भरपूर, मागे त्याची सावलीही नाही. दुसरी गोष्ट त्याला घडीवर सापडली : घडीचा जुना फाटा कोणीतरी मागून पट्टी लावून सांधला होता, आणि गुलाबी रंग त्या फटीत उतरून थेट पट्टीवर पसरलेला होता. म्हणजे आधी फाटलं, मग सांधलं, मग रंगवलं. तिसरी गोष्ट मला घेण्याआधीच माहीत असायला हवी होती. इटलीत छापलेले नकाशे बहुतेक कोरेच विकले जात. व्हेनिसचा नकाशा रंगीत दिसला की आधी शंका घ्यायची. रंगवण्याची खरी परंपरा अँटवर्प, कोलोन, ॲमस्टरडॅमची.

उलटंही खरं आहे. पाठीवर सावली दिसली म्हणून रंग मूळचा असं लगेच म्हणू नका. सावली फक्त हिरव्याची आणि गडद आहे की सगळ्या रंगांची आणि सारखीच, ते बघा. चहाच्या पाण्यात बुडवून ‘जुना’ केलेला कागद सगळीकडे एकसारखा तपकिरी होतो. खरा कागद कडांना, घडीला, बोटं लागलेल्या कोपऱ्याला जास्त मळतो. निळा फार झळाळत असेल तर थांबा. प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडला; १५७० च्या नकाशावर तो असेल तर हात नंतरचा. नुसत्या डोळ्यांनी ते सिद्ध होत नाही, प्रयोगशाळा लागते, आणि महागड्या कागदासाठी तेवढा खर्च करावा.

नंतरचा रंग म्हणजे गुन्हा नव्हे. कित्येक नकाशे शंभर वर्षांपूर्वी निष्ठेनं, जुन्या नमुन्याप्रमाणे रंगवले गेलेत आणि सुंदर आहेत. पण विक्रेत्यानं तसं लिहिलं पाहिजे आणि किंमत त्याप्रमाणे लावली पाहिजे. माझं मत विचाराल तर ताज्या रंगाच्या नकाशापेक्षा तोच नकाशा कोरा, ठळक छपाईचा घ्यावा.

घेताना

दुकानदार महाग असतो, पण परत घेतो. लिलाव स्वस्त वाटतो, पण हातोडीच्या किमतीवर बायर्स प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्याकडून लिलावगृह घेतं ते कमिशन, चढतो, वर पाठवणी आणि कर. हे सगळं आधी बेरीज करून मग बोली लावा. कोणाकडूनही घ्या, चार गोष्टी लेखी मागा : आवृत्ती, रंगाचा काळ, केलेल्या दुरुस्त्या आणि परत करायची मुदत. कागद हातात आल्यावर ती मुदत संपण्याआधी, म्हणजे त्याच आठवड्यात, वर सांगितलेलं सगळं तपासा. मी फ्रेम करून भिंतीवर लावला होता.

आधीचा मालक विचारायला लाजू नका. २००५ साली येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात एका नकाशे-विक्रेत्याच्या हातून ब्लेडचं पातं जमिनीवर पडलं आणि कर्मचाऱ्याच्या नजरेला आलं. त्या फोर्ब्स स्मायलीनं पुढे ९७ नकाशे चोरल्याची कबुली दिली, आणि पुष्कळसे तोवर सभ्य माणसांच्या भिंतींवर पोचलेले होते. पाठीवर खोडलेला शिक्का, खरवडून पातळ झालेला गोल, एकाच बाजूचा अनैसर्गिक सरळ कापलेला समास दिसला तर विषय सोडा.

भारतात आणणं

आपल्याकडे १९७२ चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेषात मोडते, आणि पुरावशेष देशाबाहेर नेण्याचा अधिकार खासगी माणसाला नाही. म्हणजे बाहेरून घेतलेला नकाशा इथे आला की तो पुन्हा परदेशी लिलावात विकायचा विचार सोडूनच द्या. परदेशात राहणाऱ्या मंडळींनी हौसेनं पुण्याच्या घरी आणून ठेवण्याआधी हे लक्षात घ्यावं. आणताना बिल, वयाचं प्रमाणपत्र आणि विक्रेत्याचं वर्णन सोबत असू द्या. सीमाशुल्काचा दर पाठवणी ठरवण्याआधी एजंटाला विचारा. पार्सल सपाट, दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये मागवा. गुंडाळी करून नळीत आलेला नकाशा घडीवर फाटू शकतो, आणि कळकलेल्या हिरव्यावर तर हमखास.

आपल्या हवेत सांभाळणं

नेहमीचा फ्रेमवाला मागे हार्डबोर्ड ठोकतो, कडा डिंकानं चिकटवतो आणि डाग दिसला तर पुसून देतो. तिन्ही नको. आम्लमुक्त माउंट, जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या फक्त वरच्या कडेला, गव्हाच्या पिठाच्या सत्त्वाची खळ, आणि काच नकाशाला न टेकता. सेलोटेप आणि लॅमिनेशन यांचं नावही काढू नका. डाग धुवायला पाणी लावलं तर जंगाल पसरतो. ते काम कागद-संवर्धकाचं.

भिंत निवडताना बाहेरची, पावसाचा मार खाणारी भिंत टाळा. कोकणात आणि गोव्यात तर जून ते सप्टेंबर नकाशा भिंतीवर ठेवूच नये असं मी म्हणेन. आम्लमुक्त पाकिटात घालून, कोरड्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, सिलिका जेलच्या पिशव्यांसोबत आडवा ठेवा. पिशव्या दर पंधरा दिवसांनी बदला. डांबरगोळी कागदाला लागू देऊ नका. उन्हानं लाल आणि पिवळे आधी उडतात, म्हणून खिडकीसमोर नाही, दिव्याखालीही नाही; माझे नकाशे जिन्याखालच्या अंधाऱ्या पट्ट्यात आहेत आणि पाहुणे त्याबद्दल हसतात.

दसऱ्याच्या आसपास सगळे बाहेर काढतो. कसर लागली का, बुरशीचा वास येतो का, घडी कुठे वाढली का, हे बघत एकेक पालथा करतो आणि वहीत पेन्सिलीनं लिहितो. रुशेल्लीच्या पानावर दरवर्षी तीच नोंद असते : पाठीवर सावली नाही, वरची चौकट उघडी, पैठण जागेवर.